पिकअपवरचा 'बेस' नेमका बांधतात कसा? डॉल्बीच्या खोक्यामागचं गणित

कोल्हापुरात कुणी 'डॉल्बी' म्हणालं की त्याच्या डोळ्यासमोर सिनेमा थिएटर येत नाही. येते ती पिकअप किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली, त्यावर रचलेली काळ्या खोक्यांची भिंत, मागं घरघरणारा जनरेटर आणि समोर नाचणारी पोरं. पुण्या-मुंबईकडं ज्याला डीजे म्हणतात, त्याला कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात डॉल्बी म्हणतात. त्या भिंतीतली खालची मोठी खोकी म्हणजे 'बेस', वरची छोटी म्हणजे 'टॉप'. गाण्याचे शब्द टॉपमधून येतात. छातीत जो दणका बसतो तो बेसमधून.

आता गंमत बघा. ज्या रे डॉल्बी यांचं नाव या भिंतीला चिकटलंय, त्यांचा पहिला गाजलेला शोध आवाज वाढवण्याचा नव्हताच. रेकॉर्डिंगच्या टेपवर येणारी नको असलेली खरखर कमी करण्याचा होता. हे अमेरिकन इंजिनिअर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून दोन वर्षं भारतात होते. इथून गेल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये डॉल्बी लॅबोरेटरीज सुरू केली. त्यांच्या कंपनीचा आणि महाद्वार रोडवरच्या भिंतीचा काडीचा संबंध नाही. थिएटरच्या पाट्यांमुळं 'डॉल्बी म्हणजे भारी आवाज' असं डोक्यात बसलं आणि नाव रुळलं.

बेस भारी वाजतोय म्हटल्यावर लोक विचारतात, स्पीकर किती इंची, किती वॅटचा, कुठल्या कंपनीचा. पण तोच स्पीकर एका खोक्यात घुमतो आणि दुसऱ्यात नुसता फडफडतो. बेसचा निम्मा खेळ खोक्यात असतो, आणि खोका सुतार आणि टेप यांच्या जोरावर बनतो.

स्पीकरला खोका लागतोच कशाला?

उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर बेस जवळपास ऐकूच येत नाही. कारण सोपं आहे. स्पीकरचा कागदी पडदा, म्हणजे कोन, पुढं सरकला की समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढचा दाब कडेनं वळून मागच्या पोकळीत जातो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

मग बारीक आवाज का खाल्ले जात नाहीत? कारण त्यांची लाट छोटी असते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. सेकंदाला ५० वेळा थरथरणारा आवाज, म्हणजे ५० हर्ट्झ, घेतला तर त्याची एक लाट जवळपास ७ मीटर लांब होते. सात मीटर लाटेपुढं १८ इंची स्पीकर म्हणजे किरकोळ वस्तू. ती लाट त्याला सहज वळसा घालते. म्हणून मागचा आवाज पुढच्यापासून तोडावा लागतो, आणि ते काम खोका करतो.

खोका पूर्ण बंद केला की मागचा आवाज आत कोंडला जातो. आतली हवा स्प्रिंगसारखी काम करते आणि कोनला आवरून धरते. अशा बंद खोक्याचा बेस नेटका, आटोपशीर असतो. पण कोनच्या मागच्या बाजूची सगळी मेहनत वाया जाते. मिरवणुकीत हे परवडत नाही. तिथं पोर्टवाला खोका चालतो, म्हणजे ज्याच्या पुढच्या बाजूला मुद्दाम एक आडवी फट किंवा नळी ठेवलेली असते.

ही फट म्हणजे हवा जायला ठेवलेलं भोक नव्हे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुंऽऽ असा एकच सूर निघतो. बाटलीच्या मानेतली हवा वजनासारखी वागते, पोटातली हवा स्प्रिंगसारखी, आणि दोघींची मिळून एक ठरलेली थरथर तयार होते. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी याचा बारकाईनं अभ्यास केला. पोर्टवाला खोका म्हणजे अशीच भलीमोठी बाटली. कोनच्या मागच्या दाबानं ती घुमते आणि ठरलेल्या सुराजवळ पोर्टमधून बाहेर येणारा आवाज कोनच्या पुढच्या आवाजाला साथ देतो. अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या थुरास यांना या कल्पनेचं पेटंट १९३२ साली मिळालं. पण किती मोठा खोका, किती लांब पोर्ट, हे पुढची तीसेक वर्षं बरंचसं अंदाजपंचेच चाललं. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थिल यांनी आणि १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी त्याची नीट समीकरणं मांडली. आज कुठल्याही बऱ्या स्पीकरसोबत जो आकड्यांचा कागद येतो, त्यातले 'थिल-स्मॉल पॅरामीटर' ते हेच.

कागदावरचा बेस

त्या कागदावरचे तीन आकडे कामाचे. स्पीकर मोकळ्या हवेत कुठल्या हर्ट्झला आपोआप थरथरतो तो आकडा, त्याच्या कोनच्या लवचिकतेची बरोबरी करणारी हवा किती लिटर तो आकडा, आणि चुंबक कोनला किती घट्ट आवरतो तो आकडा. हे तीन मिळाले की मोफत मिळणारं सॉफ्टवेअरसुद्धा खोक्याचं माप सांगतं. कागदच नसेल, तर माप काढायला आधारच नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या, मोठ्ठे वॅट छापलेल्या नकली स्पीकरची अडचण हीच आहे.

समजा १८ इंची स्पीकरला २०० लिटरचा खोका आणि ४० हर्ट्झचा सूर ठरला. हे लिटर आतल्या निव्वळ हवेचे. त्यात स्पीकरचं चुंबक जागा खाणार, पोर्ट खाणार, आतल्या आधाराच्या पट्ट्या खाणार. म्हणून खोका साधारण २४० लिटरचा धरायचा. आतून ५६ सेंटिमीटर रुंद, ६६ उंच आणि ६५ खोल असा खोका बरोबर २४० लिटरचा होतो.

आता पोर्ट. ५६ सेंटिमीटर रुंदीत तळाशी सुमारे १०.७ सेंटिमीटर उंचीची फट ठेवली की तिचं तोंड ६०० चौरस सेंटिमीटर होतं. ४० हर्ट्झसाठी हेल्महोल्ट्झच्या सूत्रानं पोर्टची लांबी येते ५६ सेंटिमीटर. पण थांबा, फळी एवढी कापायची नाही. पोर्टच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही पोर्टसोबत हलते, म्हणजे पोर्ट आहे त्यापेक्षा लांब 'वागतो'. इथं ही भर २० सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणून प्रत्यक्ष फळी ३६ सेंटिमीटरची. ही वजाबाकी विसरली की खोक्याचा सूर खाली घसरतो आणि मालक स्पीकरला शिव्या देत बसतो.

फट छोटी ठेवून लांबी वाचवू, असंही अनेकांना वाटतं. सूत्रात ते बसतं. पण छोट्या तोंडातून तेवढीच हवा आत-बाहेर करायची तर तिचा वेग वाढतो आणि बेससोबत फुसफुस ऐकू यायला लागते. पुढं त्या वेगाला पोर्ट गुदमरतो आणि आवाज वाढायचा थांबतो. पोर्टच्या कडा रंध्यानं गोल केल्या तर बराच फरक पडतो. फुकटातला हा उपाय बरेच सुतार आळसापोटी टाळतात.

प्लाय, पाऊस आणि फेविकॉल

गाडीच्या डिकीतल्या खोक्यांना एमडीएफ चालतो. तो जड असतो, गुळगुळीत कापला जातो आणि स्वस्त पडतो. पण मिरवणूक असते भाद्रपदात, आणि भाद्रपदातला कोल्हापूरचा पाऊस कुणाला सांगायला नको. एमडीएफच्या कडेला पाणी लागलं की तो बिस्किटासारखा फुगतो. म्हणून मिरवणुकीच्या बेसला १८ मिलिमीटरचा, पाण्यात न सुटणाऱ्या चिकटीचा प्लायवूडच लागतो. प्लाय विकत घेताना कडेनं बघायचं. थरांमध्ये मोकळ्या जागा दिसल्या तर तो बोर्ड सोडून द्यायचा, कारण त्या पोकळ्या बेसला खडखडतात.

खोक्याच्या भिंती थरथरता कामा नयेत. भिंत थरथरली म्हणजे जी ताकद हवा हलवायला हवी होती ती लाकूड हलवण्यात गेली. मोठ्या फळीवर हाताची मूठ मारून बघितली की कळतं, ढब्ब आवाज आला तर फळी मोकळी आहे. मग आतून समोरासमोरच्या दोन भिंती जोडणारी आडवी पट्टी टाकायची. ती बरोबर मध्यावर न टाकता थोडी बाजूला टाकतात, म्हणजे दोन्ही अर्ध्यांना एकच सूर सापडत नाही.

सांधे नुसत्या खिळ्यांवर ठेवत नाहीत. आधी फेविकॉल, मग स्क्रू, आणि आतल्या सगळ्या कोपऱ्यांत पुन्हा चिकटीची रेघ. खोका पूर्ण झाल्यावर स्पीकर बसवून खालचा सूर हळू आवाजात वाजवायचा आणि सांध्यांवरून उदबत्ती फिरवायची. धूर जिथं हलतो तिथं गळती आहे. केसाएवढ्या फटीतूनसुद्धा शिट्टीसारखा आवाज येतो.

स्पीकर लाकडात थेट स्क्रूनं बसवला तर दोन-तीन मिरवणुकांत भोकं ढिली होतात. प्लायच्या मागून ठोकून बसवायचे टी-नट मिळतात, त्यात बोल्ट आवळला की तो बसतो तो बसतोच. पुढं लोखंडी जाळी, बाहेरून खरखरीत काळा रंग, बाजूला हँडल, आणि वायरसाठी पिळून लॉक होणारी स्पीकॉन पिन. एवढं सगळं धरून हा एक खोका जवळपास ५० किलोचा होतो.

केबिनमधला बेस वेगळा

ज्याला मिरवणूक नाही, नुसतं आपल्या पिकअपमध्ये गाणी ऐकायची आहेत, त्याचं गणित एकदम सोपं होतं. सीटच्या मागच्या चिंचोळ्या जागेत २५ ते ३० लिटरचा बंद खोका आणि १० किंवा १२ इंची स्पीकर भरपूर झाला. कारण केबिन स्वतःच मदत करते. बंद केबिन लाटेच्या मानानं छोटी असली की आतला दाब खालच्या सुरांना आपोआप वाढतो. दोन मीटर लांबीच्या केबिनमध्ये साधारण ८५ हर्ट्झच्या खाली ही मदत सुरू होते.

इथं हट्टानं पोर्ट करायला गेलं तर जागाच पुरत नाही. ४० लिटरच्या खोक्याला ३५ हर्ट्झचा सूर लावायचा आणि तोंड १०० चौरस सेंटिमीटर ठेवायचं, तर पोर्ट अर्ध्या मीटरहून लांब लागतो. म्हणजे खोक्यात तो 'एल' आकारात वळवत बसा. वर आणि सीटमागच्या खोक्याला दोन भक्कम क्लॅम्प हवेतच. अचानक ब्रेक लागला तर सुटा खोका चालकाच्या पाठीत येतो.

पिकअपवर भिंत रचताना

शिवाजी उद्यमनगरात लेथ, वेल्डिंग, फाउंड्री सगळं हाताशी आहे, त्यामुळं कोल्हापुरात लोखंडी सांगाडा बनवून घेणं ही अडचण कधीच नव्हती. पिकअपचा हौदा साधारण आठ-नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असतो. वर सांगितलेले चार बेस दोनावर दोन रचले की भिंत १.२ मीटर रुंद आणि १.४ मीटर उंच होते. वजन दोनशे किलो. टॉप, ॲम्प्लिफायर आणि जनरेटर धरूनही मोठ्या पिकअपला वजनाचा त्रास होत नाही. त्रास होतो उंचीचा.

हौद्याची उंची आणि वरचे टॉप मिळून भिंत सहज तीन मीटरवर जाते. सगळं वजन वर आणि गाडी खड्ड्यात, असं झालं की ती डोलते. म्हणून जनरेटर आणि ॲम्प्लिफायरचं जड रॅक हौद्याच्या तळाशी आणि पुढच्या बाजूला, बेस त्यावर किंवा मागं, आणि वर शक्य तेवढं हलकं. खोकी दोरीनं बांधायची नाहीत. दोरी थरथरीनं ढिली पडते. खोकी सांगाड्याला बोल्टनं किंवा रॅचेटच्या पट्ट्यानं आवळायची.

आणि वर तारा असतात. जुन्या पेठांमध्ये विजेच्या तारा किती खाली लोंबतात हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारच्या हाजीपूरजवळ कावडयात्रेतली डीजेची ट्रॉली हाय टेन्शन तारेला लागली आणि अनेक तरुणांचा जीव गेला. भिंतीची टोकापर्यंतची उंची मोजून ती चालकाच्या समोर खडूनं लिहून ठेवणं, आणि मार्ग आदल्या दिवशी पायी फिरून येणं, यात अर्धा तास जातो.

चार बेस एकमेकांना चिकटवून का रचतात? भिंत भारी दिसते म्हणून नव्हे, किंवा फक्त म्हणून नव्हे. सात मीटर लाटेच्या मानानं शेजारचे चार खोके म्हणजे एकच मोठा स्पीकर. दोन खोके लांब लांब ठेवले तर काही ठिकाणी बेस दुप्पट आणि काही ठिकाणी गायब होतो. चिकटवले की सगळीकडं एकत्र वाढतो.

एक युक्ती मात्र मिरवणुकीत क्वचितच दिसते. तीन बेसपैकी एक मागं तोंड करून ठेवायचा, त्याचा सिग्नल उलटा करून काही मिलिसेकंद उशिरा सोडायचा. नीट जुळवलं तर भिंतीच्या मागचा बेस बराच कमी होतो आणि पुढं फारसा फरक पडत नाही. मोठ्या मैदानी कार्यक्रमांत हे सर्रास करतात. गल्लीत मागच्या घरांना आणि चालकालाही यानं दिलासा मिळू शकतो. एक बेस 'वाया' जातो म्हणून मंडळं तयार होत नाहीत, एवढंच.

स्पीकर जळतात त्याचं मोठं कारणही खोक्याशीच जोडलेलं आहे. पोर्टवाल्या खोक्यात ठरलेल्या सुराच्या खाली गेलं की आतल्या हवेची स्प्रिंग संपते. ४० हर्ट्झच्या खोक्याला २५ हर्ट्झ दिला तर कोन मोकाट सुटतो, आवाज फारसा येत नाही, पण आतली कॉइल आपटून जाते. म्हणून प्रोसेसरमध्ये सुराच्या थोडं खाली कट लावायचा असतो. समोरून 'बेस वाढव' असा ओरडा झाला की ऑपरेटर नेमका तो कट काढून बूस्ट वाढवतो. मग मिरवणूक अर्ध्यावर असताना एक बेस मुका होतो.

या भिंतीतून किती आवाज निघतो?

चांगला १८ इंची बेस एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९७ डेसिबलच्या आसपास देतो असं धरू. डेसिबलमध्ये वॅट दहापट केले की १० वाढतात. म्हणजे १००० वॅटला ३० वाढून १२७. चार बेस एकत्र, प्रत्येकाला तेवढीच ताकद, तर आणखी १२ मिळून १३९. प्रत्यक्षात कॉइल तापते आणि काही डेसिबल गळतात, पण हिशेबासाठी हेच धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. १६ मीटरवर, म्हणजे साधारण ५० फुटांवर, उरतात ११५. अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूच्या इमारती आवाज परत फेकतात, त्यामुळं तिथं एवढंही कमी होत नाही.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. पोलीस किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळ जो आकडा सांगतं तो 'डेसिबल ए' असतो. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून मीटर त्यांना मुद्दाम कमी मोजतो. १००० हर्ट्झला काही कापत नाही, १०० हर्ट्झला १९ कापतो, ५० हर्ट्झला तब्बल ३०. म्हणजे ५० हर्ट्झचा ११५ डेसिबलचा दणका मीटरवर ८५ दिसतो. टॉप खाली घेतले आणि बेस तसाच ठेवला तर मीटरवरचा आकडा झपकन उतरतो, पण खिडकीची काच वाजायची तशीच वाजते.

भिंतींचंही तसंच आहे. आवाज जितका खालचा तितकी भिंत त्याला कमी अडवते. ढोबळ नियम असा की सूर निम्म्यावर आला की भिंतीची अडवणूक ६ डेसिबलनं घटते. ५०० हर्ट्झचं गाणं दार लावल्यावर पुसट होतं, ५० हर्ट्झचा ठोका घरात येऊन भांडी हलवतो. दार-खिडक्या लावूनही आजीच्या खोलीत फक्त 'धब धब' का ऐकू येतं, त्याचं उत्तर हेच.

२०१४ मध्ये साताऱ्यात विसर्जन मिरवणुकीवेळी जुनी भिंत कोसळून तिघांचा मृत्यू झाला, तेव्हा बोट डॉल्बीकडंच दाखवलं गेलं. पावसानं भिजलेली, मुळात खिळखिळी भिंत असताना नेमका किती वाटा आवाजाचा हे ठरवणं अवघड असतं. पण त्या घटनेनंतर पश्चिम महाराष्ट्रात डॉल्बीमुक्तीची भाषा जोरात सुरू झाली. कोल्हापुरात २०१७ च्या गणेशोत्सवात तत्कालीन पालकमंत्री चंद्रकांत पाटील आणि विशेष पोलीस महानिरीक्षक विश्वास नांगरे पाटील यांनी तालीम मंडळांकडं त्यासाठी आग्रह धरला. हलगी, लेझीम, झांजपथकं पुन्हा पुढं आली. पण म्हणून डॉल्बीचा विषय कायमचा संपला, असं काही झालं नाही. दरवर्षी गणपती जवळ आले की बैठका, नोटिसा आणि परवानगीची चर्चा नव्यानं सुरू होते.

७५ डेसिबल चालतं, हे अर्धसत्य

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. इथं दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० नंतर तो बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं, आणि तेच गणपती-नवरात्रात वापरलं जातं.

मंडळांमध्ये '७५ पर्यंत चालतंय' असं सर्रास म्हटलं जातं. नियम वेगळा आहे. सार्वजनिक ठिकाणी लाऊडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५, यापैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. निवासी भागात ५५ अधिक १०, म्हणजे ६५. पेठेतल्या घरासमोर ७५ कधीच लागू होत नाही. आणि चार बेसची भिंत १६ मीटरवर निव्वळ बेसमुळंच ८५ दाखवते, टॉप धरलेच नाहीत. थोडक्यात, अशी भिंत पूर्ण ताकदीनं वाजवून नियमात बसणं शक्यच नाही. २० डेसिबल उतरवायचे तर वॅट शंभर पट कमी करावे लागतात, म्हणजे १००० वॅटच्या जागी १०.

ज्यांनी कर्ज काढून सिस्टिम उभी केली त्यांचं यात मरण होतं, हेही खरं. साउंडवाल्यांच्या संघटनेनं २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. गणेशोत्सवाच्या तोंडावर न्यायालयानं अंतरिम दिलासा द्यायला नकार दिला.

गाडीचा कायदा वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हौदा कापून, चेसिसला सांगाडा वेल्ड करून कायमची 'डॉल्बी गाडी' बनवणं यात अडकतं. म्हणून जाणकार सांगाडा बोल्टवर ठेवतात. काम झालं की उतरवता येतो.

समोर नाचणाऱ्यांचे आणि मागं बसणाऱ्यांचे कान

अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचं प्रमाण जगभर वापरतात. ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९४ ला एक तास, १०० ला १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. मिरजकर तिकटीवरून निघालेलं मंडळ महाद्वार रोडनं पुढं सरकेपर्यंत कित्येक तास जातात. नाचणारा निदान बाजूला होऊ शकतो. चालक, ऑपरेटर आणि जनरेटरवरचा पोरगा भिंतीजवळून हलत नाहीत, आणि बहुतेकांच्या कानात काही नसतं. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे पिळून बारीक करायचे आणि कानाची पाळी वर ओढून आत सारायचे. नुसते तोंडाशी अडकवले तर काही उपयोग होत नाही. कापूसही फारसं काही अडवत नाही.

दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजणं किंवा कान बंद झाल्यासारखं वाटणं हे कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी दमल्याचं लक्षण असतं. बऱ्याचदा ते एक-दोन दिवसांत जातं. या पेशी मेल्या तर माणसात त्या परत उगवत नाहीत. शिट्टी दोन दिवसांनंतरही थांबली नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं. एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. अचानक आलेल्या बहिरेपणावरची औषधं पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतात.